बाप असताना काढलेली मिशी

बोरी अरबच्या किसनरावांनी चौपन्न वर्षांत लोकांना बोलायला जागा म्हणून दिली नव्हती. आठ एकर कापूस-तूर, विजयमालाबाईंसारखी शहाणी बायको, ब्याऐंशीचे ठणठणीत वडील आणि मिसरूड फुटल्यापासून जपलेली मिशी. गावात कोणाच्या पोरानं केस वाढवले की पहिला टोमणा यांचाच. अशा माणसानं एका रविवारी जलालच्या खुर्चीत दाढी करता करता म्हणावं, "मिशी पण काढून टाक"?

जलालचा वस्तरा हवेतच राहिला. आमच्याकडे मिशी काढतात ती बाप गेल्यावर. किसनरावांचे वडील श्रावणजी बारा दिवसांपासून घाटंजीला लेकीकडे गेलेले.

"काकाजी, बुढाजी तिकडं बरे हाय ना?"

"सकाळीच फोनवर बोल्लो."

"मंग काहून?"

"तुह्या ओठावर तरी कुठं हाय?"

"आमचं येगळं हाय," हातभर दाढीवाला जलाल म्हणाला. "मले कोनी इचारत नाई. तुमाले सारं गाव इचारीन."

काहून, हे ठाऊक असतं तर किसनरावांनी सांगितलं नसतं का? खाज नव्हती, नवस नव्हता. आपला चेहरा त्या केसांखाली कसा दिसतो ते एकदा बघावं, एवढंच मनात आलं होतं. या वयात असलं काही मनात यावं याचीच त्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी डोळे मिटून मान मागं टेकली. जलालनं तीनदा विचारलं आणि मिशी उतरवली.

पानठेल्यावर शेजारच्या रामधननं त्यांना पाहिलं आणि तोंडातला खर्रा थुंकला. "कवा झालं? कळवलं बी नाई!"

"अरे, तसं नाही..." म्हणेपर्यंत रामधनचे डोळे भरून आले होते, आणि फोन कानाला लागला होता.

दुपारपर्यंत अंगण भरलं. म्हातारा घाटंजीलाच गेला, दिवसही तिकडंच उरकले, असा सगळ्यांनी हिशेब लावून टाकला होता. "बाबा जिते हायेत हो!" विजयमालाबाई येईल त्याला सांगत होत्या. बाया एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. बिचारीला धक्का बसलाय, दुसरं काय! तेवढ्यात एका पाहुण्यानं सांत्वनासाठी घाटंजीला फोन केला आणि तो उचलला खुद्द श्रावणजींनी.

म्हातारा मिळेल त्या एसटीनं आला. अंगणात शिरला तेव्हा बाया किंचाळल्या, पुरुष उभे राहिले. त्याचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. तो सरळ लेकापुढं जाऊन उभा राहिला आणि त्या मोकळ्या ओठाकडे बघत राहिला.

"एवढी घाई झालती तुले?"

बस. त्यानंतर श्रावणजी लेकाशी एक शब्द बोलले नाहीत. रोज पहाटे बापाला चहा करून द्यायचा तो किसनरावांनीच, ही लग्नाआधीपासूनची रीत. तीन दिवस तो कप तिथंच गार झाला, आणि बाप सुनेच्या हातचं पाणी पिऊन ओसरीवर बसून राहिला.

किसनरावांचं डोकं चालेना. माफी मागावी तर कशाची? आपण बापाचं मरण चिंतलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग रात्री अंथरुणावर वाटायचं, खरंच माहीत आहे का? आणि ओठ आपला, केस आपले, मग त्यावर हक्क बापाचा कसा? बरं, बापाचा नसेल तर छातीत एवढं का दुखतंय? बायकोला विचारलं तर त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांत येते वापस. तवरिक तोंडाले दुपट्टा बांधा." त्यांनी दुपट्टा बांधला. लोकांनी दातदुखीवर लवंग सुचवली.

चौथ्या दिवशी श्रावणजी काठी घेऊन एकटेच बाहेर पडले. तासाभरानं परतले आणि ओसरीवर बसले.

"किसन, चाय आन."

तीन दिवस ज्या हाकेसाठी जीव टांगला होता ती हाक ऐकून किसनराव धावत आले, आणि उंबऱ्यातच थिजले. बापाची पांढरीशुभ्र मिशी गेली होती. कळायला लागल्यापासून पाहिलेला चेहरा अचानक लहान झाला होता, कोण्या परक्या म्हाताऱ्यासारखा.

"बाबा!" ते ओरडलेच. "हे काय केलं? काहून केलं? लोक काय म्हनतीन?"

श्रावणजींनी ओठावरून बोट फिरवलं. तेही जरा गोंधळलेलेच दिसत होते.

"लोकाइचं जाऊ दे," ते म्हणाले. "तू काय म्हनतं?"

किसनराव तसेच मागं फिरले. ते आत गेले, चहाचं आधण ठेवलं. चहा उकळून उकळून काळा झाला, तरी कप घेऊन त्या चेहऱ्यासमोर जायची त्यांची हिंमत होईना.