ऑटोवर ठेवलेली गाडी

पार्किंगमधल्या त्या माणसावर मी जेवढी ओरडले, तेवढी आयुष्यात फक्त एका म्हशीवर ओरडले असेन. म्हशीनं निदान मान तरी फिरवली होती. हा आपला वहीत बोट घालून शांत उभा.

सून आणि मी आठ दिवसांनी विमानातून उतरलो होतो. लेक फौजेत आहे. त्याची बदली आसामात झाली, म्हणून त्याला बघून आलो. गाडी पुण्यात, विमानतळाजवळच्या एका खाजगी पार्किंगमध्ये ठेवलेली. लोक तिथं आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस गाड्या ठेवून जातात. आमची गाडी विजेवरची, आणि तिथं अशा गाड्या चार्ज करायचं मशीन एकच. सकाळचे साडेआठ वाजलेले, आणि दुपारी चारला सांगलीच्या दवाखान्यात माझ्या आक्काला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. हृदयाची झडप बदलायची होती. वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही आसामात असताना तिचा फोन आला होता. "आत जायच्या आदी तुजं तोंड बघू दे, मग काय बी हू दे," एवढंच म्हणाली.

गाडीनं निघालं की दोनपर्यंत सांगली. म्हणून मी विमानात निवांत झोपलेसुद्धा.

मी गाडी उघडली, सून आत बसली आणि म्हणाली, "आई, सात टक्के."

"सात? आठ दिवस वायर लावून ठेवली आन् सात?"

"जाताना अकरा होतं. चार कमीच झालं."

सुनेचा हा स्वभाव मला सहन होत नाही. महापूर आला तर ही आधी पाण्याची उंची सांगेल.

काचेवर वायपरखाली तीन चिठ्ठ्या होत्या. एकीत शिवी होती. दुसरीत विनंती होती. तिसरीत फक्त "देव तुमचं भलं करो" असं लिहिलेलं. शिवीचं काही वाटलं नाही, तिसरी लागली. तेवढ्यात तो वहीवाला आला. पन्नाशीचा गडी, बोलण्यावरून आमच्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, दुष्काळी मुलखातला. मी त्याला धरलाच.

"तुमचं मशीन बंद पडलंय आन् चिठ्ठ्या आमाला? लाज न्हाई वाटत?"

"आवं आज्जी, मशीन चांगलं हाय. तुमी गेला तवा लाइट नव्हती. तासाभरात आली. पर लाइट आली की फोन दाखवून परत सुरू करावं लागतंय. कोन करनार? तुमी वर आभाळात."

"मग वायर काडून दुसऱ्याला द्यायची!"

"वायर गाडीत लॉक झालेली. किल्ली तुमच्यापाशी. रोज मानसं येऊन मलाच बोलून गेली. काच फोडू व्हय?"

किल्ली. ती माझ्या कनवटीला होती. तरी राग काही गप्प होईना. तो कुणावर काढावा हे मात्र आता मला कळेनासं झालं.

खरं सांगायचं तर सून जातानाच म्हणाली होती. चार्जरचा पडदा काळा बघून तिनं गाडी साध्या जागेत लावायचं ठरवलं होतं. "आल्यावर चार्ज करू, आई. इथं लावून सोडून जायची नसते." तिथं पाटीपण होती. मी म्हणाले, "काय हुतंय? वायर अडकवून ठेव. लाइट आली की घेईल आपसूक." या माणसानं किल्ली मागितली, लागलीच तर गाडी सरकवायला. मी किल्ली कमरेला खोचली. परक्याच्या हातात किल्ली द्यायला मी काय खुळी आहे? विमानाची वेळ झालेली, सून वाद घालत बसली नाही.

आता ज्यानं शेती केली नाही त्याला हे कळायचं नाही. आमच्याकडं पंपाला लाइट कधी येईल सांगता येत नाही. म्हणून स्टार्टरला ऑटो बसवतात. बटण चालू करून ठेवायचं आणि निघून जायचं. लाइट आली की मोटर आपली आपण सुरू होते. आमच्या कोरेगावच्या रानात पहिला ऑटो मी बसवून घेतला. माझ्याइतकी शहाणी बाई त्या वेळी पंचक्रोशीत नव्हती. अकरावी शिकलेली, केसांत पिना, आणि तोंड असं की सगळ्या गावाला विजेचं ज्ञान हीच वाटणार.

आक्का माझी सख्खी बहीण आणि थोरली जाऊसुद्धा. आम्ही दोघी एकाच घरात दिलेल्या. भाऊ-भाऊ वेगळे झाले, रानं वाटली, विहीर तेवढी सामाईक राहिली. चार दिवस पाळी आमची, चार दिवस त्यांची. तो उन्हाळा वाईट होता. विहिरीला परसभर, म्हणजे जेमतेम पुरुषभर पाणी. आक्कानं आल्याची नवी लागण केलेली आणि सकाळी त्यांची पाळी सुरू होणार होती. आदल्या दिवशी आमच्या पाळीत लाइट आलीच नाही. मग ही विदुषी काय करते? आमच्या मोटरच्या वायरी तशाच जोडून ठेवते, ऑटो चालू करते, स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालते, किल्ली कनवटीला खोचते आणि सकाळच्या एसटीनं नवऱ्याबरोबर साताऱ्याला सिनेमा बघायला जाते. डोळ्यावर नवऱ्याचा गॉगल! तो नाकावरून घसरत होता, तरी काढला नाही. फोटो आहे अजून. नातवंडांना दाखवत नाही मी.

लाइट त्या दिवशी आठलाच आली. मोटर सुरू झाली आणि विहिरीतला गाळ निघेपर्यंत पाणी आमच्या उसात गेलं. पुढचे आठ दिवस विहीर भरली नाही. आक्काचं आलं उगवलंच नाही. ती दिवसभर त्या पेटीसमोर उभी होती म्हणे. हातात दगड घेऊन. लोक म्हणाले, फोड की. ती म्हणाली, "भनीचं कुलूप हाय."

यावर ती मला कधी एक शब्द बोलली नाही. वर्षभरानं दाजींना कुपवाडच्या कारखान्यात काम लागलं आणि ती दोघं सांगलीला गेली, ती तिकडचीच झाली. बोलली असती तर बरं झालं असतं. न बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

तर आता हा वहीवाला माझ्यापुढं वही उघडून उभा. "तुमच्या गाडीमुळं ही वही घातली. आदी कोनबी येऊन लावायचा. आता पाळी. तुमच्या म्होरं तीन गाड्या हायत."

"माजी भन हाय दवाखान्यात! चारला ऑपरेशन हाय!"

"त्यांचं बी काय काय हाय, आज्जी." त्यानं बोट दाखवलं. एका गाडीपाशी कडेवर पोर घेतलेली बाई होती. दुसऱ्या गाडीत एक म्हातारा नाकाला नळी लावून बसला होता. तिसऱ्या गाडीतला तरुण माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की शिवीची चिठ्ठी त्याचीच, हे मी ओळखलं. "तुमी शेतकरी दिसता. पाळीचं मी तुमाला सांगावं व्हय?"

मी वायर सोडवून दिली. किल्लीचं बटण दाबलं, टक् झालं, पोरवाल्या बाईनं वायर ओढून नेली. सुनेनं फोनमध्ये जवळचे दोन मोठे चार्जर शोधले. एक बंद, दुसऱ्यावर आधीच रांग. "भाड्याची गाडी बोलवू का?" तिनं विचारलं.

"नगं! आता चार चाकांवर माजा इस्वास न्हाई. मी एसटीनं जाते. तू गाडी भरून ये."

रिक्षानं स्वारगेट गाठलं. साडेदहाची सांगली मिळाली. बस आवाज न करता निघाली तेव्हा कळलं, हीपण विजेवरचीच. पण ती भरलेली होती. तिला माझ्यासारखी मालकीण नव्हती. साताऱ्यात बस थांबली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हणाले, राग आलाय. कुणाचा म्हणाली. मी म्हणाले, एका पोरीचा. गॉगलवाली आहे. तिनं वाकून मागं बघितलं.

चार वाजले तेव्हा बस इस्लामपूरच्या अलीकडं होती. चार वाजून एका मिनिटानं मी पिशवीला चिमटा काढला, एवढं आठवतं.

सव्वापाचला दवाखाना. जिना चढताना ठरवलं होतं की कॉट रिकामी असणार. कॉटवर आक्का बसलेली. हिरवा झगा, कपाळ मोकळं, हातात एक बांगडी नाही. नर्स मला बघून म्हणाली, "ह्याच का त्या? यांच्यासाठी आजींनी आपला नंबर सोडला. पलीकडच्या बाईंना आत पाठवलंय. आता यांचं उद्या सकाळी."

मला घेरी यायची ती रागच आला. "आक्के, डोस्कं फिरलंय का तुजं? काळीज दुखतंय तुजं आन् पाळी दुसऱ्याला देतीस? मी आलेच नसते तर?"

"तू येतीसच," आक्का म्हणाली. "उशिरा येतीस."

पन्नास वर्षांनी बोलली, आणि बोलली तर हे. मी स्टुलावर बसले. तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला. सून. तिचे आधीचे अकरा फोन पडद्यावर दिसत होते.

"आई, पोहोचलात? बरं झालं. आपली पाळी तीनला आली होती. पण गाडीची किल्ली तुमच्याकडं आहे."

हात आपोआप कनवटीला गेला. होती. टक् केलं, आणि तिथंच परत खोचली होती. मी किल्ली बाहेर काढली आणि आक्कानं ती बघितली. आधी तिला समजेना. मी सांगितलं. मग ती छातीला हात लावून अशी हसली की नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. शिव्या मलाच. मशीनवरचे आकडे वाढले म्हणे.

सून रात्री एसटीनंच आली. गाडी पुण्यात. मला एक शब्द बोलली नाही. दुसरी आक्काच ती.

सकाळी आक्काला न्यायला माणसं आली. स्ट्रेचरवरून तिनं माझ्याकडं हात केला. मला वाटलं, हात धरायचाय. माझे डोळे भरले.

"किल्ली," ती म्हणाली.

दिली. तिनं ती माझ्या सुनेच्या मुठीत घातली, मूठ वरून दाबली. "हिच्यापाशी ठिवू नगंस, पोरी. मी एकदा ठिवू दिली हुती."

दार बंद झालं. साडेचार तास मी त्या बाकावर रागानं बसून होते. रडायचं की नाही हे ठरत नव्हतं, राग तेवढा सोपा होता. मग डॉक्टर बाहेर आले, झडप बसली म्हणाले, आणि मी त्यांच्यावरही ओरडले, एवढा वेळ लागतो का म्हणून.

आक्का आता चालते, फिरते, आणि बोलायला लागली ती थांबतच नाही. तिनं ही गोष्ट सांगलीत सगळ्यांना सांगितली. म्हटलं, आपणच लिहून टाकावी. गाडीची किल्ली मात्र त्या दिवसापासून मला कुणी हातात धरू देत नाही.