वासेवाचं तेल आणि भावाचा पाय

आमच्या गावची औषधवाली वासेवा, तिच्या तेलाला घाई चालत नाही. उंडीचं फळ झाडावरून तोडून फोडलं तर आतल्या गरातून तेल निघत नाही. ते आपणहून वाळूत पडावं लागतं. मग कवच फोडून पांढरा गर माचीवर पसरायचा आणि दोन महिने वाट बघायची. गर सुकतो, तपकिरी होतो, चिकट होतो, आणि मरता मरता तेल धरतो. मग तो कुटायचा, झाडाच्या सालीच्या धाग्यांत गुंडाळून पिळायचा. थेंब थेंब करत दाट हिरवं तेल खाली येतं. आमच्या बेटावर कुठल्याही पोराच्या गुडघ्याला त्याचा वास येतो.

औषध आमच्याकडे शिकवत नाहीत, देतात. वासेवाच्या आईनं मरणाआधी आपला अंगठा लेकीच्या तळहातावर दाबला, तेवढंच. तेव्हापासून तीस वर्षं गावाच्या जखमा तिच्याकडे आहेत. एकदा राजधानीतल्या, सुवाच्या विद्यापीठातली एक बाई येऊन बाटलीभर तेल घेऊन गेली आणि वर्षानं परत आली. म्हणाली, यात एक द्रव्य सूज उतरवतं, एक जंतू मारतं, एक कातडी सांधायला मदत करतं.

"आणि जखमेच्या आत कोण बघतं?" वासेवानं विचारलं.

"ते कुणीच नाही."

"मग ते माझं काम."

गेल्या वर्षी जूनमध्ये ओहोटीला तिचा भाऊ इसिमेली जाळं ओढताना प्रवाळावर कापला. पायाला, करंगळीच्या खाली. सहा वर्षांपासून त्याच्या रक्तात साखर आहे, तळवे बधिर आहेत, त्यामुळे घरी येऊन बायकोनं ओल्या चटईवर रक्त बघेपर्यंत त्याला काही कळलं नाही. आठवड्यानं जखम चिघळली. दवाखान्यातल्या केलेरा नर्सनं पाय बघितला आणि सांगितलं, "सुवाच्या इस्पितळात जा. या आठवड्यात."

आमच्या गावातून असा पाय घेऊन सुवाला गेलेली तीन माणसं मला आठवतात. तिघंही पाय गमावून कुबडीवर परत आली. इसिमेली मासे मारून जगतो. एका पायानं होडी पाण्यात लोटता येत नाही. त्यानं सुवाचं नाव काढू दिलं नाही, आणि बायकोच्या हाती, मानाचं पेय करतात त्या यंगोनाच्या मुळांची जुडी देऊन तिला आपल्या बहिणीकडे धाडलं. औषध मागायची रीत तीच.

त्याची बायको तोकासा जुडी घेऊन वासेवाच्या दारात बसली.

"वन्सं, तुमच्या भावानं प्रवाळावर पाय दिला. खाली बघून चालावं हे तुमच्या आईनं शिकवलं नाही वाटतं."

"शिकवलं होतं. तुझ्याशी लग्न केल्यापासून तो डोळे मिटूनच असतो."

वासेवानं जुडी दोन्ही हातांनी उचलली. म्हणजे काम घेतलं. पण एक अडचण होती. आमच्यात बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, शिवत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत. त्यात राग नसतो, मान असतो. इसिमेली आणि वासेवा चाळीस वर्षं एका गावात राहून एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. तेव्हा जखम बघायची तोकासानं, तेल लावायचं तोकासानं, आणि सांगायचंही तिनंच.

"केवढी आहे?"

"तुमच्या नाकाएवढी."

"म्हणजे मोठी."

"मी कुठे लहान म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी तोकासा म्हणाली, जखम कोरडी आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, गुलाबी कातडी आलीय. वास? नाही. सूज? उतरतेय. यातलं कातडीचं तेवढं खरं होतं. बाकीचं इसिमेलीनं सांगायला लावलं होतं, आणि सुवाच्या धास्तीनं तिनं ते सांगितलं.

आमचा उपचार चार दिवसांचा. चौथ्या दिवशी दुपारी रोग्याच्या घरी जेवण होतं आणि ते जेवलं की काम संपलं. पुढे कुणी जखमेची चौकशी करत नाही. चौकशी म्हणजे औषधावर संशय.

इसिमेलीच्या घरी नारळाच्या दुधातले मासे होते, उकडलेला कसाव्याचा कंद होता. घरातला वडीलधारा म्हणून चुलता सामिसोनी वरच्या अंगाला बसला, त्याच्या शेजारी इसिमेली. वासेवा दाराजवळ, भावाकडून तोंड वळवून. जेवण संपत आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुणाचा तरी एक पाय पंगतीत लांब पसरलाय. आमच्याकडे पाच वर्षांचं पोरही जेवताना माणसांकडे पाय करत नाही. तिनं मान फिरवली. पाय इसिमेलीचा होता, वर कापड टाकलेलं. नडगीवरून कापड सरकलं होतं. नडगी सुजून चकाकत होती, आणि खालचा रंग बरा नव्हता.

वासेवानं हातातला कसावा ठेवला आणि वाकून पंगतीतून पुढे निघाली.

"वासेवा, कुठे?" सामिसोनी म्हणाला.

ती भावासमोर बसली आणि तिनं कापड काढलं. जखम मिटली होती. नीट, पातळ, गुलाबी. तेलानं आपलं काम चोख केलं होतं. तिनं जखमेशेजारी अंगठा दाबला. कातडी पिकून गेलेल्या पपईसारखी आत गेली, वर आली नाही. इसिमेली खांबाकडे बघत होता.

"दुखतं?" तिनं त्याला विचारलं.

घरातले हात थांबले. इसिमेलीनं बायकोकडे तोंड केलं. "तिला सांग, काही दुखत नाही."

"हेच वाईट आहे. तेलानं दार लावलं, चोर आतच राहिला. तोकासा, चार दिवस तू बघत काय होतीस?"

"यांचा चेहरा," तोकासा म्हणाली आणि रडायला लागली.

सामिसोनीनं घसा साफ केला. "जेवण झालंय, काम संपलंय. आता याला सुवाला धाडलंस तर आईचा हातगुण तुझ्यापाशी संपला, असं म्हणतील लोक."

"म्हणू देत."

ती घरी गेली, मुळांची जुडी घेऊन आली आणि इसिमेलीच्या पुढ्यात ठेवली. तिच्या घराण्यात कुणी जुडी परत केलेली नव्हती. "हे माझ्या हातचं नाही. केलेरा आधीच बोलली ते खरं होतं. मी तेव्हाच बघायला हवं होतं."

"तिला सांग, मी जाणार नाही. सुवाला गेलेला पाय परत येत नाही."

"पायाचं मला माहीत नाही," वासेवा सरळ त्यालाच म्हणाली. "थांबलास तर तू राहत नाहीस."

तोकासानं डोळे पुसले आणि पिशवीत कपडे कोंबायला घेतले. "वन्संनी चाळीस वर्षांचं मौन मोडलं. तुम्ही एक हट्ट मोडा."

केलेरानं त्याच संध्याकाळी ती कातडी कापून आतलं वाहू दिलं, इंजेक्शन दिलं. सकाळच्या बोटीनं नवराबायको सुवाला गेले. सहाव्या दिवशी दवाखान्यात तोकासाचा फोन आला.

"वन्सं, दोन बोटं काढली. पाय आहे."

"कुठली दोन?"

"करंगळी आणि तिच्या शेजारचं."

"अंगठा आहे म्हणजे होडीला जोर देता येईल," वासेवा म्हणाली, आणि फोन केलेराच्या हातात देऊन माचीवरचा गर उलटायला गेली.

पुढचे काही महिने लोक जखमा घेऊन शेजारच्या गावात जात. मग एक एक करून परत यायला लागले. आता ती पाय स्वतः हातात घेतल्याशिवाय जुडी उचलत नाही, आणि रोग्याला आधी केलेराकडे साखर बघायला बोट टोचून यायला लावते.

भावाला शिवल्याचा दोष राहिला होता. इसिमेली परतल्यावर तिनं रीतीप्रमाणे देवमाशाचा दात त्याच्यापुढे ठेवून क्षमा मागितली. त्यानं तो घेतला, तीनदा टाळी वाजवली, म्हणजे माफ केलं. त्यानंतर ते पुन्हा बोलत नाहीत. वाटेत ती समोरून येताना दिसली की तो थोडा लंगडत, पण स्वतःच्या दोन पायांवर, बाजूच्या गवतात उतरतो आणि ती पुढे जाईपर्यंत उभा राहतो.