नईमच्या अंगणातली पानगळ

बहरीनमध्ये पानगळ बघायची असेल तर जागा एकच आहे: नईम मोहल्ल्यातलं आमचं अंगण. हे मी हवेत बोलत नाही. मी तसं छापील पत्रकच काढलं होतं. (हाताने लिहून झेरॉक्स काढलेल्या कागदाला छापील पत्रक म्हणायची आमच्या चळवळीत पद्धत आहे.)

या देशात डोंगर एकच. रत्नागिरीहून आलेल्या पाहुण्याला कौतुकाने तिथे न्यावं, तर तो गाडीतून उतरून विचारतो, "बरं, डोंगर कुठाय?" त्या डोंगरावर झाड औषधाला नाही. खाली खजूर आहेत, पण खजुराचं झाड पानं लाल करून कुणाचं मन रमवायच्या भानगडीत पडत नाही. अशा या वाळूत आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात एक बदाम होता. कोकणात शाळेच्या आवारात असतो तोच, छत्र्यांवर छत्र्या उघडल्यासारखा. थंडी पडली की त्याची पानं लाल व्हायची, मेंदी चढलेल्या तळव्यासारखी. मग तांब्याच्या रंगाची. मग थप्पकन फरशीवर! अख्ख्या वाळवंटातला हा एवढा शिशिर आमच्या मालकीचा. (म्हणजे घरमालकाच्या मालकीचा. घोडं तिथेच अडलं.)

घरमालक अबू जासिम. जवानीत व्यापारासाठी मुंबईच्या फेऱ्या मारलेला म्हातारा, त्यामुळे हिंदी फर्डी. त्याने नवी पांढरी गाडी घेतली, ती आमच्या अंगणात लावली आणि दुसऱ्या दिवशी टपावर चार पानं बघून फर्मान काढलं.

"बिंत, ये झाड में फायदा मफी. सिर्फ कचरा. सनीचर को आदमी आएगा, काटेगा, खलास."

('मफी' म्हणजे नाही.) मला 'बिंत' म्हणजे पोरगी म्हटल्याचा राग नाही आला. 'कचरा' म्हटल्याचा आला! मी रत्नागिरीच्या कॉलेजात असताना रस्तारुंदीत जाणाऱ्या वडांसाठी लढलेली कार्यकर्ती. (वड गेले. पण पत्रकाचं कौतुक झालं.) मी त्याच दुपारी लिहायला बसले. मथळा: 'बहरीनमध्ये पानगळ कुठे पाहाल?' त्याखाली: 'बंधू-भगिनींनो! एका मोटारीच्या टपासाठी एका ऋतूचा खून होऊ द्यायचा का? जाहीर निषेध! जाहीर निषेध!'

अब्बा अस्कर गावातल्या अॅल्युमिनियम कारखान्यातून शिफ्ट संपवून आले, बूट काढता काढता त्यांनी कागद वाचला आणि एक बूट हातातच राहिला.

"नसीम, हे काय हाय?"

"पत्रक."

"ही रत्नागिरी नाय! इथे निषेध केलास तर झाडाच्या आधी आपण मुळापासून उपटले जाऊ. व्हिसा खलास!"

"मग झाड मरू द्यायचं?"

अब्बांनी डोकं खाजवलं. त्यांनाही ते झाड आवडायचं. रात्रपाळी करून आले की ते त्याच्याखाली चहा प्यायचे आणि घरी गेल्यासारखं वाटतं म्हणायचे. "असं कर," ते म्हणाले, "निषेध काढ आणि चहा टाक."

अशा रीतीने माझ्या निषेधपत्रकाचं चहाचं निमंत्रण झालं. 'शुक्रवारी नमाजानंतर पानगळ पाहायला व चहाला अगत्य येणे.' अबू जासिमला तोंडी सांगितलं. तोही "इंशाल्ला" म्हणाला, म्हणजे येईल किंवा येणार नाही. माझा डाव साधा होता. म्हाताऱ्याने लाल पानांचा गालिचा एकदा नीट बघितला, चार लोकांनी त्याच्यासमोर 'वा वा' केली, की शनिवारच्या करवतीला तो आपण होऊन नको म्हणेल.

वा वा करायला शेजारचे कुलकर्णी काका मुक्रर केले. काका पुण्याचे, इथल्या बँकेत अकाउंटंट. त्यांनी एकदा युरोपची सहल केली होती आणि तिचा अल्बम नईममधल्या एकाही मराठी माणसाला चुकला नव्हता. प्रत्येक फोटोत पिवळं झाड आणि झाडापुढे स्वेटर घातलेल्या काकू.

"पानगळ? इथे?" काका हसले. "बरं, येतो. कॅमेरा आणू की झाडू?"

हा अपमान मी गिळला. चळवळीत गिळावं लागतं.

आता गालिचा. तो जमायला पानं जिथे पडली तिथे राहायला हवीत. आणि घरात होती फुफू! म्हणजे अब्बांची थोरली बहीण. अम्मी माझ्या भावाच्या बारावीसाठी गावाला गेलेली, म्हणून व्हिजिट व्हिसावर आमचं घर सांभाळायला आलेली. फुफूचं सगळं आयुष्य पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, गोळा करण्यात गेलेलं. पडलेलं पान दिसलं की तिचा हात आपोआप झाडूकडे जायचा. मी झाडू लपवला.

"घर हाय का जंगल?" ती रोज सकाळी विचारायची.

"फुफू, ही पानगळ आहे."

"माहीत हाय. झाडायची कधी?"

"झाडायची नाही! बघायची!"

"काय गो शिकलीस तू कॉलेजात?"

त्यात ऐन आठवड्यात वारा सुटला आणि पानं फांदीवरून शेजारच्या गल्लीत जायला लागली. मी फुफूच्या शिवणाच्या डब्यातली काळ्या दोऱ्याचं रीळ घेतलं, खुर्चीवर चढले आणि खालच्या फांदीवरची सगळ्यात देखणी पानं देठाला धरून बांधून टाकली. (ही फसवणूक नव्हे. चळवळीत याला संघटन म्हणतात.)

शुक्रवार उजाडला. अंगण असं दिसत होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटला! लाल, तांबडा, तपकिरी, मध्येच एखादं अर्धं हिरवं. अब्बासुद्धा पावलं जपून टाकत फाटकापर्यंत गेले. आम्हाला तुबलीला त्यांच्या दोस्ताच्या गॅरेजातून खुर्च्या आणायच्या होत्या. निघता निघता मी ते वाक्य बोलले, जे कोकणातल्या बाईला कधीही बोलू नये.

"फुफू, पाहुणे येतायत. जरा बघ हां."

पिकअपमध्ये खुर्च्या घालून आम्ही परतलो तर गल्लीच्या तोंडाशीच धूर दिसला.

"कुणाचं तरी जळतंय," अब्बा म्हणाले.

"आपलंच," मी म्हणाले.

अंगण आरशासारखं झालं होतं! एक पान नाही. फरशीवर पाणी मारलेलं. मोरीतून शोधून काढलेला झाडू भिंतीला टेकून विसावा घेत होता. कोपऱ्यात पातेऱ्याचा ढीग धुमसत होता, आणि फुफू कमरेला पदर खोचून त्याला काठीने ढोसत होती.

"फुफू! मी झाडू नको म्हटलं होतं ना!"

"तू रोजचं म्हणलीस. पाहुण्यांचं कुठे म्हणलीस? लोकांनी कचऱ्यात बसायचं? आणि रोज रोज कोण वाकणार, म्हणून झाड पण हलवून घेतलं. आता वर्षभर बघायला नको!"

मी वर बघितलं. बदाम नागवा उभा होता. फक्त खालच्या फांदीवर, दोऱ्याने बांधलेली माझी निष्ठावंत पानं तेवढी लोंबत होती.

तेवढ्यात कुलकर्णी काका आले, गळ्यात कॅमेरा. त्यांनी फांदीकडे बघितलं, मग जवळ जाऊन बघितलं, मग चष्मा पुसून बघितलं.

"नसीम, ही पानगळ आहे की वाळत घातलेले मोजे?"

आणि त्यांच्यामागे अबू जासिम! नेमका आजच त्याचा इंशाल्ला खरा ठरला होता. धूर बघून तो धापा टाकत आला. "आग? मेरा घर में आग?" आग फक्त कोपऱ्यात आहे हे कळल्यावर त्याने श्वास घेतला आणि समोर लोंबणारं पान ओढलं. पान येईना. पुन्हा ओढलं. अख्खी फांदी खाली आली, पण पान सुटेना! म्हाताऱ्याने दोरा बघितला. दोऱ्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बिंत, ये क्या है?"

भर सभेत अडचणीचे प्रश्न आले तर काय करायचं हे मला शिकवलेलं होतं. आवाज चढवायचा. मी चढवला! "अबू जासिम, आप के पूरे मुल्क में ये एक झाड है जो लाल होता है! एक! गाडी धो सकते हैं, झाड नहीं उगा सकते!"

अब्बांनी डोळे मिटले. मला वाटतं, त्यांना व्हिसा दिसत होता.

अबू जासिमचं नाक कोपऱ्याकडे वळलं. धुराचा वास बदलला होता.

"झालंच आता," फुफू म्हणाली आणि काठीने निखाऱ्यातून एक काळं पुडकं ओढून बाहेर काढलं. तिने हलवून पाडलेली मोठाली लाल पानं टाकली नव्हती. ती धुऊन, त्यांत मसाला चोळलेले मासे गुंडाळून, पातेऱ्याच्या धगीत पुरले होते. गावाला ते असंच करतात. पाहुण्यांपुढे नुसता चहा ठेवायचा, हे तिला सहनच होत नव्हतं. पुडकं उघडलं. वाफ निघाली. कुलकर्णी काका (शुद्ध शाकाहारी) एक पाऊल मागे गेले आणि अबू जासिम दोन पावलं पुढे आला.

खुर्च्या पिकअपमध्येच राहिल्या. म्हातारा ओल्या फरशीवर मांडी घालून बसला. एक पुडकं संपलं. दुसरं संपलं. काका लांबूनच फोटो काढत होते. तिसऱ्या पुडक्याला अबू जासिमने पान उचललं, उलटं करून बघितलं.

"ये पत्ता, इसी झाड का?"

"मग काय बाजारातनं आणलं?" फुफू मराठीतच म्हणाली. त्याला बरोब्बर समजलं.

त्याने बोटं चाटली आणि अब्बांना म्हणाला, "सनीचर का आदमी को बोलो, मफी काम. गाडी मैं बाहर रखेगा." मग फुफूकडे वळून, अतिशय अदबीने: "अगला साल पत्ता कब गिरेगा?"

झाड वाचलं! ते आजही उभं आहे, आणि दर थंडीत तसंच लाल होतं. कुलकर्णी काकांच्या अल्बममध्ये युरोपनंतरच्या पानावर आता आमचा नागवा बदाम आहे, त्याच्याखाली हात माखलेला अबू जासिम. ते तो फोटो सगळ्यांना दाखवतात आणि म्हणतात, "ही बहरीनची पानगळ. आमच्या शेजारच्या मुलीने वाचवली." मी नाही म्हणत नाही. आता पानं लाल व्हायला लागली की नईममधले अर्धे लोक फाटकाशी थांबून "यंदा पानगळ कधी?" असं मला विचारतात, आणि मी ताठ मानेने वार सांगते. त्या दिवशी अबू जासिम टोपलीभर मासे घेऊन येतो, फुफू तेवढ्यासाठी व्हिसा काढून येते, अब्बा सुट्टी टाकतात. आणि या चळवळीची संस्थापक, पत्रककार व एकमेव लढाऊ कार्यकर्ती या नात्याने मी सकाळपासून मोरीत बसून खवले काढते.