रास अल खैमाची बोरं

वाईट बातमी हसवत हसवत सांगावी तर ती मीच, असं मी अख्ख्या कंपनीत सांगून ठेवलं होतं. हसायचो मात्र एकटा मीच.

मंदी आली तेव्हा मी शारजात होतो. एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत फोरमन. शिक्षण चौथी, तीसुद्धा मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललेली. पण दुबईत इमारती अशा भराभर उगवत होत्या की माझ्यासारख्यालाही फोरमन म्हणायचे आणि वर फॅमिली व्हिसा द्यायचे. मी बायकोला आणि मुलीला रोह्याहून आणलं. अल मजाजला एका मल्याळी कुटुंबासोबत फ्लॅट घेतला. फ्लॅट म्हणजे आमची एक खोली, आणि किचनमध्ये पाळी.

मग दोन हजार आठ संपता संपता साइटी बंद पडायला लागल्या. क्रेन होत्या तिथेच उभ्या, मान वाकडी करून. मॅनेजरने बोलावलं नि म्हणाला, "नौकरी रहेगी, लेकिन फॅमिली का खर्चा कंपनी नहीं देगी. मार्च के बाद कॅम्प में आ जा." कॅम्प म्हणजे लेबर कॅम्प. एका खोलीत दुमजली खाटा आणि बाथरूमला रांग.

मी म्हटलं, "साब, ऊपरवाली खाट देना, हवा अच्छी आती है."

त्याने मान वर केली नाही. पुढच्याला बोलवा म्हणाला.

म्हणजे बायको आणि मुलगी रोह्याला, मी कॅम्पात. बायकोला त्याच दिवशी सांगितलं. तिने उठून कुकर लावला. प्रश्न मुलीचा होता. ती चौथीत. पाचवीचा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर, आणि वरच्या मजल्यावरच्या पोरांना पेनने लिहू देतात, हे ती आम्हाला रोज सांगायची. पेन तिने घेऊनसुद्धा ठेवलं होतं. निळं.

बायको म्हणाली, "मी सांगते तिला."

"तू सांगशील आणि दोघी रडत बसाल. माझ्यावर सोड. मी तिला असं हसवत हसवत सांगतो की पोरगी स्वतःच बॅग भरेल."

"तुम्ही?"

"मीच."

तेव्हापासून रोज कामावरून आलो की बायको डोळ्याने विचारायची, सांगितलंत? मी डोळ्यानेच सांगायचो, उद्या. तिकिटं निघाली तरी माझा उद्या काही उगवेना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, या शुक्रवारी सांगितलं नाहीत तर शनिवारी मी सांगणार. मग मला बोलायचं नाही."

म्हणून त्या शुक्रवारी मी दोघींना उत्तरेला घेऊन गेलो.

उत्तरेला म्हणजे रास अल खैमाच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आपल्याकडे उत्तर म्हटलं की बर्फ आठवतं. आमची उत्तर एवढीच, कंपनीच्या पिकअपने सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचण्याइतकी. पण त्या वर्षी थंडीत तिकडे चांगला पाऊस झाला होता आणि फेब्रुवारी संपत आला होता. कामावरचे लोक म्हणत होते, डोंगर हिरवे झालेत, जाऊन बघ. वाळूच्या देशात कोणी हिरवं म्हटलं की माणूस बघायला जातोच.

पिकअपमध्ये मी सुरुवात केली.

"एक होता राजा. त्याची राणी आणि राजकन्या विमानात बसून..."

"पप्पा, वॉच द रोड," मुलगी म्हणाली.

"अगं, गोष्ट ऐक की. तर राजा म्हणाला, मी इथेच राहतो, वरच्या खाटेवर..."

"किंग्ज डोन्ट स्लीप ऑन बंक बेड्स."

बायको खिडकीबाहेर बघत होती. मी रेडिओ लावला.

पण तिथे पोचल्यावर मी खरंच सगळं विसरलो. वादी म्हणतात त्याला, डोंगरातली कोरडी नदी. एरवी नुसते दगड. त्या दिवशी दगडांच्या मधून हिरवळ आली होती, एवढीशीच, पोह्यांवर कोथिंबीर पेरावी तेवढी. मध्ये मध्ये पिवळी फुलं. एका खळग्यात पाणी साठलं होतं नि त्यात बेडकाची पिल्लं. मुलगी चपला काढून पाण्यात शिरली ती बाहेर येईना. लांब लांब इथल्या लोकांचे तंबू लागले होते, त्यांची पोरं टेकडीवरून घसरत होती. बायकोने चटई टाकली, थालीपीठं काढली, थर्मासमधला चहा ओतला. कितीतरी दिवसांनी मी तिला पदर न सावरता बसलेली बघितली.

वादीत चपट्या दगडांना तोटा नाही. आम्ही लगोरी लावली. मोज्यात मोजा कोंबून चेंडू केला. मी नेम धरला की बायको आधीच हसायची, कारण चेंडू लगोरी सोडून सगळीकडे जायचा. मुलीने एका फटक्यात लगोरी उडवली आणि चेंडूने माझ्या पाठीत असा रट्टा दिला की मी मुद्दाम मेल्यासारखा पडलो.

पडल्या पडल्या मला वाटलं, आत्ता सांगावं. जमिनीवर आहोतच, अजून खाली काय पडणार. मुलगी माझ्या पोटावर बसून विचारत होती, "आर वी कमिंग नेक्स्ट इयर ऑल्सो? पाणी असतं तेव्हाच?"

बायकोने चहाचा पेला खाली ठेवला.

मी म्हटलं, "ते बघ, बोरं!"

खोटं नव्हतं ते. वादीच्या कडेला एका बुटक्या घराची भिंत होती, आणि भिंतीवरून बाहेर झुकलेलं बोरीचं झाड. पिकलेल्या बोरांनी लगडलेलं. आता बोरीचं झाड दिसलं की कोकणातला माणूस एकच गोष्ट करतो. झाड कोणाचं, देश कुठला, हे विचारत नाही. मी दगड उचलला.

बायको "अहो, नको" म्हणेपर्यंत दगड सुटला होता. झाड सोडून तो सरळ भिंतीपलीकडे गेला. धाडकन पत्र्याच्या टाकीचा आवाज झाला, दहा दिशांना शेळ्या ओरडल्या, आणि दार उघडून एक म्हातारी बाहेर आली. काळा पायघोळ अबाया, तोंडावर इथल्या जुन्या बायका घालतात तो पितळी चमकेचा मुखवटा, हातात काठी. मुखवट्यातून फक्त डोळे दिसत होते, आणि तेवढेच मला पुरेसे होते.

ती जे बोलली त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण अर्थ पूर्ण कळला. मी हात जोडले, कान धरले, दोन उठाबशा काढल्या. तिसऱ्या उठाबशीला म्हातारी हसली.

तिथेच माझा घात झाला. हसणारं माणूस भेटलं की मी माझा राहत नाही. इतक्या दिवसांत माझ्यावर हसलेलं घराबाहेरचं ते पहिलंच माणूस.

म्हातारीने मुलीला जवळ बोलावलं, झाडाखाली चादर पसरायला लावली आणि काठीने फांदी अशी हलवली की बोरं पावसासारखी पडली. दगडाची गरजच नव्हती. मग भिंतीच्या सावलीत तिने आम्हाला बसवलं, बिनदुधाची कडू कॉफी दिली, खजूर दिले. मुलगी चादरीवर बोरं वेचत होती. म्हातारीने तिच्याकडे बोट दाखवून मला काहीतरी विचारलं. "मद्रसा" एवढं कळलं, म्हणजे शाळा.

साइटवरचं माझं अरबी वीसेक शब्दांचं. बाकी हातवारे. पण त्या दिवशी मी रंगात आलो होतो. म्हटलं, "मद्रसा खलास! मार्च, खलास! बिंत रूह हिंद, मामा रूह हिंद," म्हणजे पोरगी आणि आई चालल्या हिंदुस्थानात. हात पसरून विमान केलं, झाडाभोवती एक चक्कर मारली. बायको रुमाल हलवते ती नक्कल केली. "अना हिनी. कॅम्प!" मी इथेच, कॅम्पात. मग बाथरूमच्या रांगेत पाय आवळून उभा राहिलेला मी करून दाखवला, वरच्या खाटेवरून पडणारा मी करून दाखवला. "अना मलिक! मामा माफी, बिंत माफी!" मी राजा, बायको नाही, पोरगी नाही. आणि नाचलो. खरंच नाचलो, बोटं वर करून.

बायकोने मला अडवलं नाही. तिला वाटलं असेल, परक्या भाषेत आहे, जाऊ दे. मलाही तेच वाटत होतं. तोंडात बसत नसलेली गोष्ट एकदा कुठेतरी बाहेर पडली म्हणून छाती हलकी झाली होती.

म्हातारी मात्र हसत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. तिची नजर माझ्या मागे होती.

मी वळलो. मुलगी उभी होती. ओढणीत जमवलेली बोरं पायाशी सांडलेली.

"धिस मार्च?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तुला... तुला अरबी येतं?"

"स्कूलमध्ये कंपल्सरी आहे पप्पा. फ्रॉम फर्स्ट स्टँडर्ड."

चार वर्षं पोरगी माझ्याच खोलीत बसून अरबीचा अभ्यास करत होती. मी तिला जेवायला हाक मारायचो, काय वाचतेस हे कधी विचारलं नव्हतं. आपल्याला येत नाही ते घरात कोणालाच येत नसणार, असा माझा हिशेब.

मी दातात बोराची बी अडकल्याचं नाटक केलं, एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून. हे बघून ती लहानपणापासून हसते. ती हसली नाही, वळून म्हातारीजवळ गेली.

त्या दोघी बोलायला लागल्या. पोरगी अडखळत होती, पण बोलत होती, पूर्ण वाक्यं. म्हातारी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. आमच्या घरातली गोष्ट, आणि आम्ही नवरा-बायको समोर बहिऱ्यासारखे बसलेलो. बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने ती उठली आणि मुलीला बाजूला घेऊन खाली बसली. मी पिकअपचं टायर बघायच्या निमित्ताने उठलो, पण ऐकू येत होतं. बायको साध्या मराठीत सांगत होती. पप्पांचं काम कमी झालंय. आपल्याला इथे ठेवणं त्यांना जमत नाही. आपण रोह्याला जाऊ, तू तिकडच्या शाळेत जाशील, पप्पा सुट्टीत येतील. तुला रडायचं असेल तर रड. एवढंच. चार-पाच वाक्यं होती ती. महिनाभर मी तेवढ्यासाठी राजा, राणी, विमान जमवत होतो. पोरगी रडली, मग आईच्या पदराला नाक पुसून विचारलं, "पेन घेऊन जायचं का?" बायको म्हणाली, "हो, घेऊन जायचं."

मी टायरला लाथ मारून बघितली. हवा व्यवस्थित होती.

निघताना म्हातारीने सगळी बोरं वेचून मुलीच्या ओढणीत बांधून दिली. मला सलाम केला नाही. परतीला मुलगी मध्ये बसली, गाठोडं मांडीवर. रास अल खैमा मागे पडलं. मला राहवेना. वाटलं, म्हातारी निदान पहिल्यांदा हसली तरी होती, काहीतरी बरं बोलली असेल.

"काय गं," मी म्हटलं, "ती आजी माझ्याबद्दल काय म्हणत होती?"

"शी आस्क्ड मी, तुझा बाबा तुझ्याशी बोलायला घाबरतो का."

"मग तू काय सांगितलंस?"

"आय सेड येस."