दिव्यांबरोबर घासलेलं घड्याळ

भावाच्या लग्नात वहिनीच्या वडिलांनी त्याला स्विस घड्याळ दिलं. जावयाला घड्याळ देण्याची पद्धत आमच्याकडे होतीच, पण बहुतेकांना देशी मिळायचं. हे मुंबईहून कुणाकरवी मागवलेलं होतं. सोनेरी रंगाचं, चौकोनी, किल्ली न देता मनगटाच्या हालचालीवर चालणारं. देताना ते एवढंच म्हणाले, "फॉरेनची घडी आहे जी, जावईबापू. सांभाळून वापरजा."

सोन्याचं आहे असं त्यांनी म्हटलं नव्हतं. ते आमच्या वडिलांनी म्हटलं, आधी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत आणि मग कचेरीत. घड्याळाच्या मागच्या झाकणावर बारीक इंग्रजी अक्षरांत सोन्याचा मुलामा असल्याचं कोरलेलं होतं. घरात इंग्रजी वाचणारे वडील, भाऊ आणि मी असे तिघे होतो. झाकण उलटून कुणी पाहिलं नाही.

भाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होता. कोळशाच्या धुळीत हे घड्याळ न्यायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं. कामावर तो त्याचं जुनंच बांधत असे. नवं कपाटात, रुमालात गुंडाळलेलं. पाहुणे आले की वडील ते काढत आणि पाहुण्याच्या तळहातावर ठेवत. "वजन पाहा," म्हणत.

आणीबाणी उठल्यानंतरची दिवाळी वहिनीची लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. ती माहेरी, कुहीला, होणार हे ठरलेलं होतं. तिला न्यायला तिचे वडील स्वतः येणार होते आणि दिवाळसणाला भाऊ मागून जाणार होता. तिनं पेटी आठवडाभर आधीच भरून ठेवली होती. लग्न होऊन आल्यापासून ती एकदाही माहेरी गेली नव्हती.

व्याही येणार म्हणून वडिलांनी घड्याळ काढलं. पट्ट्याच्या सांध्यांत आणि काचेच्या कडेला लग्नातली हळद आणि उन्हाळ्यातला घाम बसून काळपट थर झाला होता. आई त्या दिवशी अंगणात समया आणि तांब्याची भांडी घासत होती. चिंचेचा कोळ होता, वस्त्रगाळ केलेली विटकरीची भुकटी होती. वडिलांनी घरातलं भांडं कधी हाती धरलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. ते घड्याळ घेऊन आईशेजारी पाटावर बसले.

त्यांनी काम काळजीपूर्वक केलं, हे सांगितलं पाहिजे. पट्टा सोडवला. काटे फिरवायच्या खुंटीभोवती मेणबत्तीचं मेण लावलं, पाणी आत शिरू नये म्हणून. काचेवर कागद चिकटवला. मग ओल्या फडक्यावर विटकरीची भुकटी घेऊन कडा घासल्या. आई म्हणाली, "द्या ना इकडं, मी करून देतो."

"तुले नाही जमत ते," वडील म्हणाले. "समई होय का हे?"

घड्याळ लखलखलं. वडिलांनी ते वहिनीलाही दाखवलं. ती दारात उभी राहून सगळं पाहत होती. "छान निघालं, मामाजी," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजेडात कोपरे पांढरट दिसले. वडिलांना वाटलं, मळ राहिला. त्यांनी पुन्हा घासलं, या वेळी जोर लावून. पांढरं आणखी पसरलं. तेव्हा ते घड्याळ हातात धरून बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. घड्याळ खोटं आहे. सोनं असतं तर घासून उजळलं असतं. आपल्याला फसवलं.

भाऊ ड्यूटीवरून आला तेव्हा त्याला हे सांगण्यात आलं. तो "पाहू" म्हणाला आणि जेवायला बसला. वडील पुढे म्हणाले की घडी बदलून येईल तेव्हाच सून माहेरी जाईल. वहिनी ताट वाढत होती. तिचा हात थांबला नाही. रात्री तिची पेटी पलंगाखाली सरकवलेली मला दिसली.

व्याही नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं आले, इतवारी स्टेशनवरून रिक्षानं. सोबत नव्या धानाचे पोहे होते आणि वहिनीसाठी लुगडं. पाणी झालं, चहा झाला. परतीच्या गाडीला वेळ होता. वडिलांनी कपाट उघडलं आणि रुमाल सोडून घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. पाहुण्यांच्या ठेवत तसंच. या वेळी मात्र म्हणाले, "रंग पाहा, इवाई."

व्याह्यांनी पाहिलं. "असं काहून झालं जी?"

"मले विचारता? देल्लं तुमी. सहा महिन्यांत सोनं पांढरं होते काय?"

"सोन्याची म्हणून नव्हती घेतली जी. फॉरेनची म्हणून घेतली होती."

"आता तसंच म्हणाल. चार लोकांत मी काय तोंड दाखवू? बदलून आणा, मग पोरीले न्या."

व्याही घड्याळ उलटंपालटं करून पाहत राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. पुरती तयार झालेली नव्हती आणि घरच्या कपड्यांतही नव्हती. पातळ नवं होतं, केस विंचरायचे राहिले होते.

तेवढ्यात आई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. आत तिला बोलणं अर्धवटच ऐकू आलं होतं. घड्याळ व्याह्यांच्या हातात पाहून तिला वाटलं, निगा राखत नाही असा ठपका येतो आहे. ती पुढे सरसावली.

"यायनं जपली बरं का जी ती घडी. परवा स्वतः घासली. मले हात लावू देल्ला नाही. समयांले विटकर कुटली होती ना, त्याच भुकटीनं. एक डाव नाही, दोन डाव. पाटावर बसून! माह्या जन्मात यायनं घरातली वाटी घासली नाही, पण जावयाची घडी घासली." आणि ती हसली.

कुणी हसलं नाही. आईनं बशा ठेवल्या आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आपण काय बोललो हे तिला कळलं नव्हतं. खोलीतल्या इतर सगळ्यांना कळलं होतं. वडील खिडकीकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले आणि मी बशीकडे पाहायला लागले. तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठणंही दिसलं असतं.

व्याह्यांच्या हातात आता सगळं होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी घड्याळ रुमालात ठेवलं, रुमालाची टोकं एकावर एक घातली.

"मुंबईवाल्यानं मलेच फसवलं असन जी," ते म्हणाले. "खेड्यातला माणूस पाहून देल्ली असन गळ्यात मारून. चूक माहीच."

नाही म्हणायची संधी वडिलांनी घेतली नाही.

मग व्याह्यांनी विचारलं, "पोरीले नेऊ का जी?"

ती परवानगी मागायची गरज उरली नव्हती, तरी त्यांनी मागितली. त्या दिवशीचं दुसरं काही विसरेनही, पण हा प्रश्न आणि तो विचारताना थोडी पुढे झुकलेली त्यांची मान माझ्या डोळ्यांसमोरून गेलेली नाही.

"न्या," वडील म्हणाले. "गाडीची वेळ होऊन राहिली."

वहिनीनं केस तसेच गुंडाळले आणि पलंगाखालची पेटी ओढली.

भाऊ दिवाळसणाला कुहीला गेला तो मोकळ्या मनगटानं. जुनं घड्याळ बांधून सासरी जायची त्याला लाज वाटली आणि नवं न्यायचा प्रश्नच नव्हता. परत आल्यावर वहिनीनं तिथलं सगळं सांगितलं. फराळ, पाहुणे, भावाला दिलेला कापडजोड. वडील पेपर वाचत होते.

"काकानं विचारलंच यायले, जावईबापू, घडी कुठं हाये? त बाबाच बोलले मधात. म्हणे, नागपूरले देल्ली हाये, साफसफाईले."

पेपर हलला नाही. पेपरामागूनच वडिलांनी विचारलं, "मग?"

"मग काई नाही, मामाजी. काका म्हणे, अच्छ्या घडीले वेळ लागतेच."

ती हे सहज सांगत होती की मोजून, ते मला आजही ठरवता येत नाही.

काही दिवसांनी भावानं कपाटातून घड्याळ काढलं आणि कामावर बांधून गेला. वडिलांनी अडवलं नाही. कोपऱ्यांवर पांढरं आणि मध्ये सोनेरी अशा अवस्थेत ते कोळशाच्या धुळीत वर्षानुवर्षं चाललं. ना मागे पडलं, ना पुढे. पाहुण्यांच्या तळहातावर ते पुन्हा गेलं नाही.

व्याही पुढे अनेकदा आले. परतीच्या गाडीची वेळ झाली का ते पाहायचं असलं की आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवत. त्यासाठी कधी कधी त्यांना जागेवरून उठावं लागे, कारण भिंत मागच्या बाजूला होती. जावई शेजारीच बसलेला असे, पण त्याच्या मनगटाकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.