देशमुखबाईंच्या निरोपाचं भाषण

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही आमच्या झरी गावचे नाही, म्हणून बोलते.

गावात कुणाला भाषण लिहून हवं असलं की आमच्या दारात येतात. सत्कार असो, वाढदिवस असो, कुणी वारलेलं असो — एम.ए. झालेली सून ना मी! शाळेतल्या देशमुखबाई निवृत्त होणार होत्या. माझे धाकटे दीर, दत्ताभाऊजी, त्यांचे एकेकाळचे लाडके विद्यार्थी. पहिल्यांदाच माइकवर बोलणार होते. "वहिनी, लोकायला रडू आलं पायजे बघा," म्हणायचे. रोज आठवण करून द्यायचे. मी रोज हो म्हणायचे.

आणि लिहिलं का? नाही. समारंभाच्या सकाळी, एका हाताला पीठ तसंच, मोबाइलमधून एका वारलेल्या गुरुजींसाठी मीच पूर्वी लिहिलेली श्रद्धांजली काढली, 'गुरुजी'च्या जागी 'बाई' घातलं आणि पाठवून दिली. जाणं ते जाणंच — काय फरक पडतो, असं वाटलं.

भाऊजींनी आधी वाचून पाहिलंच नाही. माझ्यावर भरवसा, दुसरं काय?

बाई गळ्यात हार घालून स्टेजवर बसलेल्या. "आज बाई आपल्यात नाहीत," भाऊजींनी भरल्या गळ्यानं सुरुवात केली. बाईंनी हार चाचपला. भाऊजी अडखळले — पण वहिनीनं लिहिलेलं चुकीचं कसं असेल? रेटत राहिले. शेवटी "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या" आलं आणि सवयीनं अख्खा मांडव उठला. बाईसुद्धा उठल्या.

मग जे हसू फुटलं! सरपंच ओरडले, "कुणी लिवलं रे हे?"

मी बसले होते त्या बायकांच्या बाजूला भाऊजींनी पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि मी — मीसुद्धा मागं वळून पाहिलं, कोण बाई ती, अशा तोंडानं.

"मीच लिवलं," ते म्हणाले.

इथवर भित्रेपणा. पुढचं त्याहून वाईट. काही दिवसांनी बाई घरी आल्या, तेव्हा भाऊजी शेतात होते. म्हणाल्या, "लोक हसले गं, पण माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणीच लिहिलं नव्हतं." मी पटकन काय म्हणावं? — "मी लिहिलंय ते, बाई." त्यांनी मला जवळ घेतलं. ते गुरुजींबद्दल होतं, हे काही मी बोलले नाही.

भाऊजींनी पुन्हा माइक धरला नाही. गावानं त्यांचं नाव 'श्रद्धांजली' पाडलंय. परवा ताटं वाढली आणि घाईत माझ्याच तोंडून गेलं — "श्रद्धांजलीभाऊजी, जेवायला या."

"आलो, वहिनी," म्हणाले आणि हात धुवायला गेले.