जिंकलो मी, मोठा झाला नंदू

नंदू गेल्याची बातमी मला एका अनोळखी मुलीच्या फोनवरून कळली. "दिलीपसर ना? मी रुबिना. नंदूसर सकाळी गेले. अटॅक आला. तुम्हाला कळवायला मॅडमनी सांगितलंय." दुःख यायच्या आधी माझ्या मनात आलं, ही कोण? माझ्या विशीपासूनच्या मित्राची बातमी मला हिच्याकडून का कळावी? खारघरच्या स्मशानात पोचलो तर कॉफीच्या धंद्यातली माणसं पार गेटपर्यंत उभी. दाढीवाली, हातभर टॅटू काढलेली पोरं ढसाढसा रडत होती. आपल्या वेळी यातलं कोण येईल, हा विचार मी नंदूच्या चितेसमोर उभं राहून केला... लिहायला लाज वाटते. पण नंदूबद्दल खोटं लिहून उपयोग नाही. त्याच्याबद्दल मला आयुष्यभर जे वाटलं त्यात प्रेम होतंच, पण त्याहून जास्त मत्सर होता.

आम्ही दोघं नवी मुंबईत पावणे गावातल्या एका कंपनीत एकत्र लागलो. वाशी, महापे, तुर्भे इथल्या ऑफिसांमधली कॉफीची मशीनं दुरुस्त करायची, दूध पावडरीने तुंबलेल्या नळ्या साफ करायच्या, हे आमचं काम. चव घेऊन मशीनचं दुखणं सांगायचं काम मात्र माझं. एक घोट घेतला की पाणी कमी तापतंय की पावडर जुनी आहे, हे मला कळायचं. नंदूची जीभ जाडी. "दिल्या, तुझ्या जिभेचा विमा उतरव," म्हणायचा. त्या जिभेवरच मला पुढे पावण्यातल्याच एका कॉफी भाजण्याच्या कारखान्यात चव पारखायची नोकरी मिळाली. नंदू चाळिशीला आल्यावर नोकरी सोडून खारघरला एका कॅफेच्या काउंटरमागे उभा राहिला. "आपल्या वयाची माणसं एप्रन बांधून कॉफी देतात का रे?" मी विचारलं. "नाही ना? मग बरंय, गर्दी नाही," तो म्हणाला.

स्पर्धेचं खूळ त्याचंच. वाशीच्या एका प्रदर्शनात कॉफीची चव ओळखायची स्पर्धा होती. तीन कप समोर ठेवतात. दोनांत एकच कॉफी, तिसऱ्यात वेगळी. चमच्याने सुर्र करून ओढायची, वेगळा कप पुढे सरकवायचा, की लगेच पुढचे तीन कप. शेवटी सरकवलेले कप सगळ्यांसमोर उचलतात. बरोबर असेल तर बुडाला लाल ठिपका असतो. नंदूने आम्हा दोघांची नावं दिली. तो पहिल्याच फेरीत गारद झाला, एकेक कप उचलला की खाली कोरं बूड, आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसत होता. मी जिंकलो. सगळ्या ठिपक्यांसकट जिंकलो. बक्षीस घेऊन निघालो तर नंदूने हात धरला. "अरे थांब ना, सगळे भुर्जीपाव खायला चाललेत. तुझीच तर पार्टी आहे!" "सकाळी ड्युटी आहे," मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. हरलेल्या माणसांबरोबर बसून काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी नंदू थांबला. ज्यांनी त्याला हरवलं त्यांचे कप त्याने विसळायला घेतले, आणि वेगळा कप कसा ओळखला ते एकेकाला विचारत बसला. चिकमगळूरचा एक बागायतदार त्याला पुढच्या हंगामात मळ्यावर घेऊन गेला. एका परीक्षकाने त्याला कॉफी भाजायला शिकवलं. नंदू दर वर्षी स्पर्धेत उतरायचा, दर वर्षी हरायचा, आणि दर वर्षी चार नवी माणसं घेऊन परत यायचा. त्यांच्याच आधाराने त्याने खारघरला स्वतःचं दुकान काढलं. पुढे त्याला परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली. गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवून तो सरावाचं टेबल मांडायचा, कुणीही यावं, फुकट. तिथे शिकलेली पोरं आज मोठमोठ्या कॅफेंमध्ये आहेत. आणि मी? माझी ट्रॉफी मालकाने त्याच्या केबिनमध्ये ठेवली. मी त्याच खुर्चीवर राहिलो. पुन्हा स्पर्धेतही उतरलो नाही. हरलो तर... ही भीती. "गुरुवारी ये रे," नंदू नेहमी म्हणायचा. "तुझी पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसतील," मी टाळायचो. जिंकलो मी आणि मोठा झाला तो, हे मला कधी पचलं नाही. एकच समाधान होतं. जीभ माझीच भारी.

तो गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी त्याच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन आला. "भावजी, गुरुवारी याल? रुबिनाची स्पर्धेची फायनल तोंडावर आलीय. सरावाला समोर बसायला तोडीचं कोणी नाही. हे नेहमी म्हणायचे, दिल्याच्या जिभेला तोड नाही." मी हो म्हटलं. मदत करायला निघालो असं लिहिलं तर ते खोटं होईल. नंदूच्या पोरांना त्याच्यापेक्षा मी काय होतो हे दाखवायला निघालो होतो. आणि भीतीही होती, कारण तिथे हरलो असतो तर माझ्याकडे नंदूच्या वरचढ असं काहीच उरणार नव्हतं.

कप वहिनींनी मांडले. रुबिना पनवेलची, तिशीची, सीवूड्सच्या एका कॅफेत कामाला. आम्ही समोरासमोर बसलो, बाकीची पोरं भोवती. मी जुन्या सवयीने भराभर ओढत, सरकवत गेलो आणि हात पुसून बसलो. ती निवांत. दोन कपांपाशी तर नुसतीच थांबून राहिली. मग कप उचलले. तिच्या प्रत्येक कपाखाली लाल ठिपका. माझे दोन कोरे. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. "चला, निघतो," मी उठलो.

"सर, थांबा की," रुबिना म्हणाली. "तुम्ही गरमच ओढता. गरम असताना सगळ्या सारख्या लागतात. गार होताना खरी चव बाहेर येते."

"नंदूने शिकवलं वाटतं?"

"नाही हो, मीच सरांना शिकवलं! मी त्यांना हरवलं होतं ना, तर माझ्यामागेच लागले, कसं कळलं सांग, कसं कळलं सांग. पिच्छाच सोडेनात." ती हसता हसता रडायला लागली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी उभाच होतो. हे विचारणं मला जमलं नव्हतं. ना त्या संध्याकाळी वाशीला, ना कधी नंदूला. नंदूच्या या विचारण्याचाही मला हेवाच वाटला. मग मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "मला पण सांग."

आता मी दर गुरुवारी खारघरला जातो. मत्सर गेला असं म्हणणार नाही. परवा कोणीतरी "नंदूसर असते तर" म्हणालं आणि मला ते बोचलंच. पण घरी सकाळची कॉफी मी हल्ली टेबलावर तशीच ठेवून देतो. बायको येता-जाता विचारते, "गरम करून देऊ का?" मी नको म्हणतो. वाफ संपते, कप कोमट होतो, मग गार. तेवढ्या वेळात नंदू माणसांशी बोलत असायचा, असं पोरं सांगतात... मी अजून नुसताच बसतो.